मेंदूतला वाफसा : प्रस्तावना

मृगाची पेरणी तोंडावर आली होती. बियाण्याच्या रिकाम्या पिशवीत नीट घडी करून ठेवलेली चार पानं घेऊन एक आजोबा माझ्या ओट्यावर येऊन बसले. नातीचं रक्त तपासायला हैदराबादला गेलं होतं, त्याचा तो रिपोर्ट. "डॉक्टरसायबांनी सांगितलं सगळं, पर मला उमगलं न्हाई. तुम्ही सायन्सचे मास्तर. यात काय लिव्हलंय ते आपल्या बोलीत सांगा." मी चष्मा लावला. चारही पानं इंग्रजीत होती आणि मधोमध ठळक अक्षरांत एक नाव होतं : एमईसीपी२. तालुक्यातल्या शाळांमधून एकतीस वर्षं मी पेशी, केंद्रक, गुणसूत्र यांच्या आकृत्या फळ्यावर काढल्या. पण त्या नावाचा अर्थ त्या माणसाला त्याच्या भाषेत सांगायची वेळ आली, तेव्हा माझ्याकडे एक वाक्य नव्हतं.

नात तेव्हा अडीच वर्षांची होती. वर्षाची असताना ती "माय" म्हणायची, दोन बोटांत धरून एकेक मुरमुरा तोंडात टाकायची. दीड वर्षाची झाली आणि बोल गेले. मग हातांचा उपयोग गेला. हात एकमेकांत गुंतवून ती सारखी पिळत राहायची, ओढ्यावर धुणं पिळावं तशी. घरात कारण ठरलेलं होतं : पोटुशी असताना मायनं गिऱ्हाणात काहीतरी चिरलं. दुसऱ्या दिवशी मी घरी गेलो, तर ती माय उंबऱ्याच्या आत बसून होती. तिनं एवढंच विचारलं, "सर, माझं काय चुकलं?"

तिचं काहीच चुकलं नव्हतं. हे मला त्या दिवशीही ठाऊक होतं, पण ते कशावरून, हे सांगता आलं नाही. पुराव्याशिवाय दिलेला धीर दोन दिवस टिकतो आणि मग पुन्हा सासू, शेजारीण, देवऋषी यांचं म्हणणं खरं वाटायला लागतं. म्हणून मी वाचायला बसलो. तीन वर्षांच्या वाचनातून, डॉक्टर मित्रांना विचारलेल्या शेकडो प्रश्नांतून आणि तालुक्यातल्या शिक्षकांसमोर, आशाताईंसमोर केलेल्या गप्पांतून ही पुस्तिका तयार झाली. जनुकांवर अंमल ठेवणारी प्रथिनं मेंदू कसा घडवतात आणि त्यांतलं एखादं बिघडलं की लेकराच्या वागण्यात काय दिसतं, हा तिचा विषय. विषय अवघड आहे. पण कापसावरच्या बोंडअळीचं जीवनचक्र आणि हळदीच्या कंदकुजीची कारणं इथला शेतकरी ज्या बारकाईनं सांगतो, ती पाहिली की त्याला हा विषय झेपणार नाही असं म्हणायला मी धजत नाही.

मुळापासून सुरुवात करतो. आपल्या शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत तीच सगळी जनुकं असतात. प्रथिनं बनवण्याची कृती ज्यांत आहे अशी माणसाची जनुकं सुमारे वीस हजार. डोळ्याच्या पेशीत तीच, यकृताच्या पेशीत तीच आणि मेंदूच्या पेशीतही तीच. तरी डोळा डोळा होतो आणि यकृत यकृत, कारण प्रत्येक ठिकाणी त्यांतली ठरावीकच जनुकं कामाला लागतात आणि बाकीची गप्प असतात. कुणी कामाला लागायचं आणि कुणी गप्प बसायचं, हे ठरवायला पेशीत खास प्रथिनं असतात. ती डीएनएच्या धाग्यावर नेमक्या जागी जाऊन बसतात आणि तिथलं जनुक चालू करतात, बंद करतात, कमीजास्त करतात. शास्त्रज्ञ त्यांना ट्रान्स्क्रिप्शन फॅक्टर म्हणतात. माणसात ती दीड हजारांहून जास्त आहेत. ऊसतोडीच्या टोळीत मुकादम जसा स्वतः कोयता चालवत नाही, पण आज कुठल्या फडात किती कोयते लागतील हे त्याच्या शब्दावर ठरतं, तसंच यांचं काम. मुकादम चुकला तर फड उभा राहतो, कोयत्यांना धार असूनही.

एक गोष्ट मात्र मुकादमाच्या उपमेत बसत नाही, आणि माझ्या मते तीच या सगळ्या विषयाचा गाभा आहे : वेळ. आपल्याकडे शेतकरी पाऊस पडला की लगेच तिफण जुंपत नाही. तो वाफसा होण्याची वाट बघतो. चिखलात पेरलं तर बी कुजतं, वाफसा उडाल्यावर पेरलं तर उगवत नाही. बी तेच, जमीन तीच, शेतकरी तोच, आणि तरी चार दिवस इकडेतिकडे झाले की हंगाम जातो. मेंदूच्या घडणीतही प्रत्येक टप्प्याचा असा वाफसा असतो. गर्भाच्या पहिल्या २८ दिवसांच्या आसपास पाठीवरची मज्जानलिका मिटते. बऱ्याच बायांना तोवर दिवस गेल्याचं कळलेलंही नसतं. फोलिक अ‍ॅसिडची गोळी दिवस राहण्याच्या आधीपासून घ्या असं आशाताई सांगतात, त्याचं कारण हेच. तो वाफसा निघून गेल्यावर घेतलेली गोळी त्या एका कामापुरती उशिराची असते. मज्जानलिकेच्या पुढच्या टोकाला मग मेंदू फुगू लागतो. पूर्ण वाढलेल्या माणसाच्या मेंदूत सुमारे ८,६०० कोटी चेतापेशी मोजल्या गेल्या आहेत. त्यातली प्रत्येक पेशी कुठल्या तरी टप्प्यावर, कुठल्या तरी प्रथिनाच्या सांगण्यावरून "मी हे होणार" असं ठरवून बसलेली असते.

हे ठरतं कसं, याचा एक फार महत्त्वाचा भाग मुंबईत उलगडला आहे. आपल्या स्टेशनवर थांबणारी नंदीग्राम एक्स्प्रेस मुंबईला जिथं शेवटी थांबते, तिथून काही किलोमीटरवर, कुलाब्याच्या टोकाला समुद्रकाठी टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे. होमी भाभांनी १९४५ साली ती उभी केली. तिचं नाव काढलं की लोकांना अणू आणि तारे आठवतात. पण १९६२ साली भाभांच्या निमंत्रणावरून ओबैद सिद्दिकी नावाचे एक जीवशास्त्रज्ञ तिथं आले आणि त्यांनी रेणवीय जीवशास्त्राचा विभाग सुरू केला. सिद्दिकी आणि अमेरिकेचे सीमोर बेंझर यांनी १९७६ साली फळमाश्यांवर केलेलं काम प्रसिद्ध झालं. त्यांच्याकडच्या काही माश्या तापमान वाढवलं की लुळ्या पडायच्या आणि थंड केलं की पुन्हा चालायला लागायच्या. एका जनुकातला फरक, आणि अख्खी हालचाल थांबते. वागणं आणि जनुक यांच्यातला धागा इतक्या उघडपणे दाखवणाऱ्या कामात आपल्याच राज्यातल्या संस्थेचा शास्त्रज्ञ होता, आणि आमच्या विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात मी ते काम कधी शिकवलं नाही. याची मला खरोखर खंत आहे.

त्याच विभागात १९९९ साली शुभा टोळे रुजू झाल्या. जन्म मुंबईचा. झेवियर्स कॉलेजात शिक्षण, कॅलिफोर्नियात डॉक्टरेट, शिकागोत पुढचं संशोधन, आणि मग परत मुंबई. त्यांच्या आई ऑक्युपेशनल थेरपिस्ट होत्या आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी कृत्रिम अवयव घडवत असत. टोळे उत्तम कथकही करतात. त्यांना २०१० साली भटनागर पुरस्कार मिळाला आणि २०१४ साली इन्फोसिस पुरस्कार. पण पुरस्कारांपेक्षा मला मोह आहे तो त्यांनी सोडवलेल्या एका कोड्याचा. या पुस्तिकेचं सगळ्यात मोठं प्रकरण त्या कोड्यावर आहे आणि इथंही मी त्यावर जरा रेंगाळणार आहे.

कोडं एलएचएक्स२ नावाच्या प्रथिनाचं. हेही जनुकांवर अंमल ठेवणारंच. १९९७ साली अमेरिकेत या प्रथिनाचं जनुक काढून टाकलेले उंदीर तयार केले गेले. त्यांचं रक्त नीट बनत नसे आणि गर्भ जन्माआधीच मरत. त्यांना डोळे नव्हते, मेंदूची बाहेरची घडी आक्रसलेली होती, आणि हिप्पोकॅम्पस नावाचा भाग तर नव्हताच. हिप्पोकॅम्पस म्हणजे मेंदूच्या आतल्या कडेचा वळलेला भाग. आज सकाळी काय खाल्लं, रानातून घरी येणारी पाऊलवाट कुठली, अशा आठवणी त्याच्यामुळे धरल्या जातात.

गर्भात मेंदूची वरची घडी एखाद्या कापडासारखी पसरत असते आणि तिच्या एका कडेला पेशींची एक अरुंद पट्टी असते. कापडाच्या दुमडलेल्या काठाला इंग्रजीत जो शब्द आहे, तोच शास्त्रज्ञांनी या पट्टीला दिला. आपण तिला काठ म्हणू. हिप्पोकॅम्पस नेहमी या काठाला लागून तयार होतो, म्हणून काठातूनच त्याला हुकूम जात असावा असा अंदाज होता. मग एलएचएक्स२ नसलेल्या उंदरांत काठच नसेल, असं कुणालाही वाटलं असतं. २००१ साली टोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बघितलं तर उलटंच निघालं. त्या उंदरांत काठ कितीतरी पट रुंद झालेला होता. हुकूम देणाऱ्या पेशी भरपूर, आणि ज्याच्यासाठी हुकूम, तो हिप्पोकॅम्पस मात्र गायब.

उत्तर २००८ साली "सायन्स" या नियतकालिकात आलं. मला ते आमच्या चुलीजवळच्या गाडग्यात सापडलं, म्हणून तसंच सांगतो. दुधाला विरजण लावलं की दही होतं. दह्यासाठी विरजण लागतं आणि दूधही लागतं. सगळं गाडगंच विरजणानं भरलं, दूध थेंबभर ठेवलं नाही, तर दही कशाचं लागणार? त्या उंदरांच्या मेंदूत हेच झालं होतं. एलएचएक्स२ हे प्रथिन पेशीला सांगत असतं, "तू काठ होऊ नकोस, तू कापड हो." ते नसलं की कडेच्या पेशी काठ होऊन बसतात. सगळेच हुकूम देणारे झाले, ऐकणारं कुणी उरलं नाही.

हे नुसतं बोलून सिद्ध होत नाही. टोळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिश्र गर्भ वापरले, म्हणजे ज्यांच्या मेंदूत काही पेशींत एलएचएक्स२ आहे आणि मधूनमधून काही पुंजक्यांत नाही असे. जिथं जिथं प्रथिन नसलेला पुंजका पडला, तिथं काठ तयार झाला, आणि त्याच्या शेजारच्या निरोगी पेशींनी त्याचं ऐकून हिप्पोकॅम्पस घडवला. एका मेंदूत एकच्या जागी अनेक हिप्पोकॅम्पस. दुधात ठिकठिकाणी विरजणाचे थेंब पडावेत आणि प्रत्येक थेंबाभोवती दही लागावं, तसं. शेजारच्या पेशींचं भवितव्य ठरवणाऱ्या पेशीसमूहाला जीवशास्त्रात संघटक म्हणतात. ही कल्पना १९२४ सालची. हान्स श्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांनी पाणसरड्याच्या गर्भावर हे प्रथम दाखवलं. हिल्डे त्याच वर्षी भाजून वारल्या आणि श्पेमान यांना १९३५ साली नोबेल मिळालं. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा संघटक हा काठ आहे, याचा सज्जड पुरावा ८४ वर्षांनी कुलाब्यातून गेला.

आणि इथं पुन्हा वाफसा येतो. हेच जनुक गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत काढलं तर पेशींचा काठ होतो. तो मोसम उलटून गेल्यावर काढलं तर होत नाही, कारण तोवर पेशींनी कापड व्हायचं पक्कं केलेलं असतं. उंदराची गर्भधारणाच उणीपुरी वीस दिवसांची, त्यातले हे थोडे दिवस. पण म्हणून नंतर ते प्रथिन निरुपयोगी ठरत नाही. २०११ साली याच प्रयोगशाळेनं दाखवलं की पुढच्या टप्प्यावर तेच एलएचएक्स२ घडत्या हिप्पोकॅम्पसमधल्या मूळ पेशींना चेतापेशी बनवत राहायला लावतं आणि चेतापेशींना आधार देणाऱ्या ग्लिया पेशी वेळेआधी बनू देत नाही. एकच प्रथिन, आज एक काम आणि चार दिवसांनी दुसरं. यामुळे "अमुक जनुक म्हणजे अमुक गुण" असं बोलणारी माणसं मला पटत नाहीत. एलएचएक्स२ कशाचं जनुक म्हणायचं? डोळ्याचं, आठवणींचं, की रक्ताचं? ते या सगळ्यांच्या घडणीत आहे आणि यांतल्या कशाचंही एकट्याचं नाही.

हे सगळं उंदरांचं झालं, लेकरांचं काय, असं आमच्या गप्पांत नेहमी विचारलं जायचं. प्रश्न रास्त आहे. २०२३ साली माणसांमध्ये याच एलएचएक्स२ जनुकाची एक प्रत बिघडलेली असल्याच्या घटना वैद्यकीय नियतकालिकात नोंदल्या गेल्या. त्या व्यक्तींत विकासातला उशीर आणि वागण्यातले फरक दिसले, काहींत कमी आणि काहींत जास्त. उंदरांवर मुंबईत झालेलं काम तोवर आधीच हाताशी होतं. मूलभूत संशोधनावर खर्च कशाला, असं विचारणाऱ्यांनी हा क्रम लक्षात ठेवावा. त्याच प्रयोगशाळेत अलीकडे फॉक्सजी१ या दुसऱ्या नियामक प्रथिनावर काम झालं आहे. ते बिघडलं तर लेकराचं डोकं लहान राहतं, बोलणं येत नाही, चालणं फार उशिरा येतं किंवा येतच नाही.

आता त्या रिपोर्टातल्या नावाकडे येतो. एमईसीपी२ हे प्रथिन एडिंबरोचे एड्रियन बर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ साली ओळखलं. डीएनएवर जागोजागी मिथाइलच्या बारीक खुणा असतात. हे प्रथिन त्या खुणांवर बसतं आणि तिथल्या जनुकांचा आवाज आवरून धरतं. एलएचएक्स२ पेरणीच्या वेळी लागतं, तर एमईसीपी२ राखणदारासारखं हंगामभर, म्हणजे जन्मभर, शेतात लागतं. बाळ जन्मल्यावर चेतापेशींची एकमेकींशी जोडणी होऊ लागते आणि तेव्हा पेशींमध्ये या प्रथिनाचं प्रमाण वाढत जातं. म्हणूनच ती मुलगी पहिलं वर्ष चांगली वाढली. राखणदार नसल्याचं पीक निसवेपर्यंत कुणाच्या ध्यानात आलं नाही.

या आजाराला रेट सिंड्रोम म्हणतात. व्हिएन्नाचे डॉक्टर आंद्रेआस रेट यांच्या दवाखान्यात १९५४ साली दोन मुली आपापल्या मायच्या मांडीवर बसून अगदी एकसारखे हात पिळत होत्या, ते त्यांच्या नजरेला पडलं. त्यांनी १९६६ साली त्यावर लिहिलं, पण फार कुणी वाचलं नाही. १९८३ साली स्वीडनचे बेंग्ट हागबेरी आणि सहकाऱ्यांनी ३५ मुलींची माहिती इंग्रजीत छापली, तेव्हा जगाचं लक्ष गेलं. आणि १९९९ साली अमेरिकेत हुडा झोग्बी यांच्या गटानं दाखवलं की बिघाड एमईसीपी२च्या जनुकात आहे. दवाखान्यातल्या बाकड्यावरच्या दोन मुलींपासून जनुकापर्यंत यायला ४५ वर्षं गेली. आज हा आजार साधारण दहा हजार मुलींमागे एकीला होतो असं मानतात.

मुलींनाच का, हेही सांगायला हवं, कारण "पोरगीच का आजारी" या प्रश्नाला आपल्याकडे फार विखारी उत्तरं तयार असतात. हे जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. मुलीत दोन एक्स असतात आणि तिच्या प्रत्येक पेशीत त्यांतलं एक बंद असतं, कुठल्या पेशीत कुठलं, हे बहुतांशी योगायोगानं ठरतं. त्यामुळे रेट असलेल्या मुलीच्या मेंदूत काही पेशींत धड प्रथिन असतं, काहींत नसतं. टोळे यांच्या उंदरांसारखाच हा मिश्र मेंदू, निसर्गानं केलेला. मुलात एक्स एकच. तेच बिघडलं तर आजार बहुधा फार तीव्र होतो आणि अनेक बाळं जगत नाहीत. म्हणजे मुलगी जगते ती तिच्या दुसऱ्या एक्सच्या बळावर.

आणि आता मायचा प्रश्न. रेट सिंड्रोममधला बिघाड शंभरातल्या नव्याण्णवांहून अधिक वेळा नव्यानं झालेला असतो. तो आई-बापाच्या रक्ताच्या तपासणीत सापडत नाही, कारण त्यांच्या रक्तातल्या पेशींत तो नसतोच. बीजपेशी तयार होताना डीएनएची नक्कल करण्यात एका अक्षराची चूक होते. अशा नव्या चुका बहुतेक वेळा बापाच्या शुक्रपेशीत झालेल्या असतात, आणि त्यात बापाचाही दोष नसतो. कोट्यवधी पेशी घडताना होणारी ती चूक आहे. ग्रहण, विळी, नजर, कुणाच्या ओटीतला नारळ, यांतलं काहीही त्या अक्षरापर्यंत पोहोचत नाही. गर्भ राहिला त्या घडीला ते ठरून गेलेलं होतं आणि ग्रहण त्यानंतर आलं. हे मी त्या मायला शेवटी समजावून सांगू शकलो, तिच्या सासूच्या देखत. पुढच्या बाळंतपणात पुन्हा हेच होण्याची शक्यता फार थोडी असते, पण थोडी असली तरी जनुकतज्ज्ञाचा सल्ला घेऊनच पुढं जावं.

नात्यातल्या लग्नाबद्दलही खरं ते सांगतो. मराठवाड्यात मामाची मुलगी करण्याची रीत आहे आणि प्रत्येक दिव्यांग लेकरामागं लोक तेच कारण धरतात. रेटला ते लागू नाही, कारण एका प्रतीतली नवी चूक पुरते. पण दोन्ही प्रती बिघडल्यावरच होणारे कितीतरी आजार आहेत आणि त्यांची जोखीम नात्यात लग्न केल्यानं नक्की वाढते. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. पहिली सांगताना दुसरी लपवू नये.

वागणुकीच्या बाबतीत फार सांभाळून बोलावं लागतं. २००१ साली लंडनच्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या घरात तीन पिढ्यांतल्या जवळपास निम्म्या माणसांना नीट बोलता येत नव्हतं, आणि कारण निघालं फॉक्सपी२ नावाच्या नियामक प्रथिनातला बिघाड. वर्तमानपत्रांनी त्याला "भाषेचं जनुक" करून टाकलं. भाषेचं एकच जनुक नाही. ते प्रथिन आणखी कितीतरी जनुकांना हलवतं आणि ते पक्ष्यांत, उंदरांतही असतं. वर्गात खोड्या करणाऱ्या, अभ्यासात मागं पडणाऱ्या पोराकडे बोट दाखवून "याच्या जनुकातच आहे" असं कुणी शिक्षक ही पुस्तिका वाचून म्हणाला, तर माझी तीन वर्षं वाया गेली असं मी समजेन. इथं ज्यांचं वर्णन आहे ते विरळ, ठळक आजार आहेत. रोजच्या स्वभावात असंख्य जनुकांचा थोडाथोडा वाटा असतो, आणि घराचा, पोटाला मिळालेल्या अन्नाचा, मिळालेल्या मायेचा.

या मायेचीही जनुकांवर खूण उमटते, हा भाग मला स्वतःला सगळ्यात हलवून गेला. कुलाब्याच्या त्याच संस्थेत विदिता वैद्य काम करतात. त्यांना २०२२ साली इन्फोसिस पुरस्कार मिळाला. उंदरांची पिल्लं जन्मल्यानंतरच्या पहिल्या दिवसांत रोज काही वेळ आईपासून दूर ठेवली, तर मोठेपणी ती जास्त भेदरट होतात आणि त्यांच्या मेंदूतल्या काही जनुकांची पातळी बदललेली सापडते. सिरोटोनिन या रसायनाचे इशारे त्यात गुंतलेले आहेत, हे त्यांच्या गटानं दाखवलं आहे. उंदरांचं सगळंच माणसाला जसंच्या तसं लावता येत नाही. तरी दिवाळीनंतर फडावर जाणाऱ्या जोडप्यांची लेकरं ज्यांनी वर्षानुवर्षं वर्गात पाहिली आहेत, त्यांना हे वाचून काय वाटेल ते मला कळतं. त्यात दोष त्या मायबापांचा नाही. गावात काम असतं तर ती गेली नसती. सांगायचं ते साखर कारखान्यांना आणि सरकारला : फडावर पाळणाघर ही दानधर्माची बाब नव्हे, लेकराच्या मेंदूची गरज आहे.

आशेचं बोलायचं तर २००७ सालचा एक प्रयोग बोलतो. बर्ड यांच्या गटानं एमईसीपी२ बंद असलेले आजारी उंदीर घेतले आणि मोठे झाल्यावर त्यांच्यात ते जनुक पुन्हा चालू केलं. मरणाला टेकलेले उंदीर सावरले. चेतापेशी मेलेल्या नव्हत्या, राखणदार परतण्याची वाट बघत होत्या. माणसांत हे करणं सोपं नाही, कारण हे प्रथिन दुप्पट झालं तरी वेगळा गंभीर आजार होतो, तो बहुतेक करून मुलग्यांना होतो. मीठ कमी पडलं तरी जेवण जात नाही आणि दुप्पट झालं तरी जात नाही. तरीही जनुकोपचाराच्या चाचण्या माणसांवर सुरू झाल्या आहेत. २०२३ साली अमेरिकेत ट्रोफिनेटाइड या औषधाला मान्यता मिळाली. ते लक्षणं काहीशी कमी करतं, मूळ बिघाड दुरुस्त करत नाही. कुणी "इंजेक्शननं पूर्ण बरं करतो" असं सांगून जमीन विकायला लावत असेल, तर त्याला दारात उभं करू नका.

आज हाताशी आहे ते वेळेवर ओळखणं आणि रोजचा व्यायाम, वाचाउपचार, गिळण्याची काळजी, पाठीचा कणा वाकू नये म्हणून बसण्याची नीट सोय. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे. त्यात अंगणवाडी आणि शाळांतल्या ० ते १८ वयाच्या मुलांची तपासणी होते आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारचं दिव्यांगत्व आहे, त्यात बौद्धिक अक्षमता आणि स्वमग्नताही येते. प्रमाणपत्र, सवलती, शाळेतला प्रवेश यांची माहिती शेवटच्या प्रकरणात आहे. ते प्रकरण मी मुद्दाम कोरडं ठेवलं आहे, कारण ते कार्यालयाच्या खिडकीपाशी उभं राहून वाचायचं आहे.

शब्दांबद्दल थोडं. जनुक, प्रथिन, गुणसूत्र, चेतापेशी हे मराठी शब्द ठेवले आहेत. हिप्पोकॅम्पस, ग्लिया, सिंड्रोम तसेच ठेवले, कारण रिपोर्टात आणि डॉक्टरांच्या तोंडी तेच येतात. "वेडं", "येडं", "अर्धवट" हे शब्द या पुस्तिकेत कुठंही नाहीत आणि वाचणाऱ्याच्या तोंडूनही ते जावेत अशी इच्छा आहे. मसुदा दोन डॉक्टरांनी तपासला आणि तीन आशाताईंनी मोठ्यानं वाचून पाहिला. जिथं त्या अडखळल्या, तिथं मी पुन्हा लिहिलं. आमच्या इथल्या परमेश्वराच्या जत्रेत एका संध्याकाळी देवळाच्या आवारात यातलं विरजणाचं प्रकरण वाचून दाखवलं, तेव्हा पुढं बसलेल्या एका म्हातारीनं "मग दूध राखाय पायजे होतं की" असं म्हटलं आणि विषय पोहोचल्याची मला खात्री पटली.

ती मुलगी आता सहाव्या वर्षात आहे. बोलत नाही. पण माय समोर आली की डोळ्यांनी तिच्यामागं फिरते, आणि पाणी हवं असेल तर तांब्याकडे एकटक बघते. घरातल्यांना ते कळायला लागलं आहे. डोळ्यांनी सांगणं हे रेटच्या मुलींचं बोलणंच असतं, हे त्यांना कुणी आधी सांगितलं नव्हतं.

वाचकाला माझी विनंती आहे. लेकराला आलेला शब्द गेला, धरता येणारी वस्तू हातातून सुटू लागली, हाक मारल्यावर बघणं थांबलं, तर "होईल आपोआप" म्हणून पुढच्या सणापर्यंत थांबू नका. त्याच आठवड्यात अंगणवाडीत सांगा आणि नांदेडला दाखवा. आणि ही पुस्तिका अशा एखाद्या घरात गेली, तर पहिल्यांदा ती त्या लेकराच्या मायला वाचून दाखवा, घरातले सगळे समोर बसलेले असताना.